मिठाच्या साबणाची गाळणी

मित्रांनो, आधी माझा दांडा बघा. वाकडा आहे ना? जाळी एका बाजूने खोल गेलीये, कडेची पट्टी काळपट पडलीये आणि एका ठिकाणी तार तुटून तिचं टोक वर आलंय. धसमुसळेपणाने उचललंत तर बोटाला टोचेन. हो, गाळणीच आहे मी, आणि चांगली जुनी आहे. नव्या गाळण्यांसारखं चकचकीत रूप आता माझ्याकडे नाही, पण तोंड आहे आणि ते चालवायची सवयही आहे. तेव्हा ऐका. गोष्ट गोड नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे स्टीलच्या बारीक तारेची जाळी विणणारी यंत्रं दिवसभर खडखडत असत. एक कामगार त्या जाळीचे गोल तुकडे कापायचा, दुसरा ते पट्टीत दाबून बसवायचा आणि तिसरा दांडा जोडायचा. शेवटी एक बाई बसलेली असायची. ती प्रत्येक गाळणी उजेडासमोर धरायची आणि एक डोळा मिटून आरपार बघायची. माझ्यातून तिने बराच वेळ बघितलं. मग शेजारणीला म्हणाली, "अगं, हिची जाळी फारच बारीक आलीये. हिच्यातून चहा गळता गळता गार होईल." शेजारीण म्हणाली, "टाक गं त्याच ढिगात. कोण बघतंय!" झालं! चहाच्या गाळण्यांच्या ढिगात माझी रवानगी झाली आणि तिथून दुकानात.

मला ज्या घराने आणलं ते दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर होतं. खाली रस्त्यावर न्हाव्याचं दुकान. घरात तीन माणसं. बाप रंगारी होता, भिंती रंगवायचा. आई एका धुलाईच्या दुकानात कपडे धुवायची आणि इस्त्री करायची. त्यांची लेक चपलांच्या दुकानात विकायला उभी राहायची. स्वयंपाकाच्या खोलीला दार नव्हतं, नुसती चौकट होती. ओट्यावरच्या खिळ्याला लटकले की मला बाहेरची खोली पलंगासकट दिसायची. घरातल्या बऱ्यावाईट सगळ्या गोष्टी मी त्या खिळ्यावरून पाहिल्या.

चहाच्या कामात माझे हाल झाले. त्या शेडमधल्या बाईचं म्हणणं खरं होतं. चहाची भुकटी जाळीत रुतून बसायची आणि चहा थेंबाथेंबाने उतरायचा. रंगारी कामावर निघायच्या घाईत असायचा. तो म्हणायचा, "अगं, चहा गाळतेयस की त्याची चौकशी करतेयस?" सगळे हसायचे. मला मेलीला वाईट वाटायचं. आधीच गाळणीच्या नशिबी काय असतं? चांगलं ते खाली कपात जातं, उरलेला चोथा आपल्या पदरात पडतो, आणि धुताना लोक नाक मुरडतात ते वेगळंच. थोड्याच दिवसांत दुसरी गाळणी आली आणि मी डब्यांच्या मागे जाऊन पडले.

मला तिथून बाहेर काढलं ते साबणाने. तीच माझी खरी नोकरी.

झालं असं, की रंगाऱ्याचे हात कधी स्वच्छ व्हायचेच नाहीत. रंग, टर्पेंटाइन, चुना आणि भिंतीच्या भेगा बुजवायची लांबी नखांच्या कडेला जाऊन बसायची. बाजारचा साबण त्याच्या हातात दोन दिवसांत लोळागोळा व्हायचा. धुलाईच्या दुकानात कोणीतरी आईला सांगितलं, की मिठाच्या पाण्यात साबण केला तर वडी दगडासारखी होते, विरघळत नाही आणि हातावर मळ ठेवत नाही. आईने ते मनावर घेतलं. नवऱ्यासाठी म्हणून तिने हा खटाटोप सुरू केला. बायकोने आपल्या हातांसाठी एवढं करावं, याचं रंगाऱ्याला भारी कौतुक. तो कामावरून आला की दारातूनच ओरडायचा, "काय, आज काय बिघडलं?"

आणि बिघडायचंच हो! पहिल्याच दिवशी तिने कॉस्टिक, म्हणजे तेलाचा साबण करणारा तो जळजळीत सोडा, अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात कालवला. पातेलं फसफसून काळं पडलं, वाफेने ती खोकत बाहेर पळाली. तेव्हापासून फक्त स्टील. मग तिने तयार घोळात वरून मूठभर खडेमीठ टाकलं. घोळ एकदम दाटला, पळी त्यात उभी राहिली, आणि वड्या अशा खरखरीत झाल्या की रंगाऱ्याच्या हाताची सालं निघाली. त्यानंतर तिने मीठ पाण्यातच विरघळवलं, पण हात सैल सोडला. पाणी पिऊन पिऊन किती मीठ पिणार? तळाशी मिठाचा थर तसाच राहिला आणि साबणात त्याची वाळू झाली. मीठ निम्म्याहून कमी केलं तेव्हा कुठे ते जमलं.

पुढचं दुखणं फेसाचं. घरात होतं ते तेल तिने वापरलं आणि साबणाला फेस म्हणून येईना. हाताला मलम चोळल्यासारखं वाटायचं. मिठापुढे फेस काढू शकतं ते फक्त खोबरेल तेल, हे तिला बरंच तेल वाया गेल्यावर समजलं. एकदा ती साचा भरून निवांत झोपली आणि सकाळी वड्या कापायला बसली. सुरी टेकवली तोच सगळी लादी तडकली. रंगारी त्या तुकड्यांकडे बघून म्हणाला, "छान झालंय. भिंत बांधायला घेऊ का?" आई चिडली, पण हसलीसुद्धा. मिठाचा साबण फार लवकर कडक होतो, तो गरम असतानाच कापायचा, हे ती त्या दिवशी शिकली. दमट हवेत वड्यांना घाम फुटायचा, थेंब थेंब पाणी वर यायचं. मग ती त्या हवेशीर फळीवर उभ्या करून ठेवू लागली. प्रत्येक खोडीवर तिने असा उपाय काढला. चिकाटी म्हणावी तर तिचीच.

आता माझी पाळी. कॉस्टिक मिठाच्या पाण्यात पडलं की एक गंमत होते. काचेसारखं स्वच्छ पाणी एकाएकी दुधासारखं पांढरं होतं. आई पहिल्यांदा घाबरलीच. नंतर तिला उमगलं, की ते विरघळलेलं मीठच पुन्हा बाहेर आलेलं असतं. कॉस्टिक हा दांडगा पाहुणा. तो पाण्यात शिरला की आधी बसलेल्या मिठाला उठावं लागतं. त्याने काही बिघडत नाही. पण एके दिवशी त्या पांढऱ्या गाळातला एक कण ओट्यावरच्या लाकडी पाटावर पडला आणि थोड्या वेळाने तिथे तपकिरी खळगा दिसला. मिठाने लाकूड जळत नाही. आई त्या खळग्याकडे बघत राहिली. तिच्या लक्षात आलं, की पांढऱ्या मिठाच्या आडोशाला कॉस्टिकचे न विरघळलेले खडेही लपून राहतात. रंग तोच, आकारही जवळजवळ तोच.

मग तिला माझी आठवण झाली. डब्यांच्या मागून तिने मला काढलं, पुसलं, आणि ते पांढरं पाणी तेलात ओतण्याआधी माझ्यातून गाळलं. ज्या बारीक जाळीला सगळ्यांनी नावं ठेवली, तीच आता कामी आली. एक कण खाली जाऊ दिला नाही मी. आणि तेवढ्यावर न थांबता आई एक गोष्ट करायची. माझ्यात उरलेला गाळ ती एका छोट्या वाटीत गार पाण्यात बुडवायची, जरा हलवायची आणि वाटीला बाहेरून हात लावून बघायची. वाटी गारच राहिली तर ते मीठ. वाटी तापली तर कॉस्टिक, कारण कॉस्टिक पाण्यात विरघळताना पाणी तापवतं. वाटी तापली की ती तो घोळ पुढे नेत नसे. वजन पुन्हा, ढवळणं पुन्हा. कंटाळा नाही. रंगारी चेष्टा करायचा, "तुझ्या साबणाला ताप बघावा लागतो होय?" ती म्हणायची, "ही गाळणी आहे म्हणून मला घोर नाही." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. गाळणीला कान कुठले, असं म्हणू नका. कौतुक ऐकायला सगळ्यांना कान असतात.

ते आमचे चांगले दिवस होते. रंगाऱ्याचे हात स्वच्छ झाले, ते बघून त्याच्याबरोबरच्या रंगाऱ्यांनी वड्या मागितल्या, मग न्हाव्याने दुकानात ठेवल्या. लोक विचारत येऊ लागले.

शिडीवरून रंगारी आयुष्यात कधी पडला नव्हता. पडला तो न्हाणीघरातून बाहेर येताना, घरातल्या सपाट फरशीवर. अर्धांगाचा झटका. डावी बाजू गेली. साखरेचा आजार त्याला आधीपासून होताच. इस्पितळातून घरी आणला तेव्हा त्याची जीभ थोडी जड झाली होती, डावा हात लोंबत होता आणि डाव्या पायात जीव होता पण त्याला काही कळत नव्हतं. टाचणी टोचली तरी त्याला पत्ता लागायचा नाही.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. बोलायला रोखठोक, पण मायेच्या. त्यांनी आईला आणि लेकीला समोर बसवून सांगितलं, "हा पाय तुम्हाला दुखलं म्हणून सांगणार नाही. त्यामुळे तुम्हीच त्याच्यासाठी बघायचं. रोज तळवा बघा, बोटांच्या मधे बघा. साखर आहे, साधी खरचटही महागात पडेल." आईने मान डोलावली आणि त्या दिवसापासून रोज बघू लागली.

रंगाऱ्याच्या मनात एकच गोष्ट होती. स्वतःच्या पायांनी जिना उतरायचा आणि खाली न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसायचं. न्हावी त्याचा बालमित्र. तो रोज सकाळी दुकान उघडताना खालून ओरडायचा, "रंगाऱ्या, खुर्ची पुसून ठेवलीये रे!" रंगारी पलंगावरून ओरडायचा, "पुसत राहा!" न्हावी एकदा वर येऊन म्हणाला, "चल, चौघं मिळून उचलून नेतो तुला." त्यावर रंगारी म्हणाला, "उचलून न्याल ते शेवटचंच. तोवर मी चालत येईन." आईने त्याच्यावर डोळे वटारले. पण त्या दिवसापासून घराचं सगळं चित्त त्या जिन्याकडे लागलं. बसणं, उभं राहणं, काठी धरून चौकटीपर्यंत येणं. तो चौकटीला टेकून घामाघूम व्हायचा आणि माझ्याकडे, म्हणजे ओट्याकडे बघून दात विचकायचा.

आई त्याच्यात गुंतली तसं साबणाचं काम लेकीने घेतलं. तिने चपलांचं दुकान सोडलं. मुलगी गुणी होती हो, उगाच बोट दाखवणार नाही मी. चटपटीत, हसरी, हाताला वेग. आईने तिला सगळं शिकवलं, वाटीसुद्धा. पण गिऱ्हाइकं वाढली होती आणि माझ्यातून पाणी गळायला वेळ लागायचा. मीठ जाळीत बसायचं, मला उलटी करून आपटावं लागायचं. माझा दांडा त्यातच वाकला. एकदा ती वैतागून म्हणाली, "आई, ही गाळणी म्हणजे सरकारी खिडकी आहे बघ. एकेक थेंब सही-शिक्का मारून सोडते."

मग तिने ब्लेंडर आणला. घुर्रर्र केलं की घोळ एकजीव. मी खिळ्यावर गेले.

"गाळत जा गं," आई पलंगापासून म्हणायची.

"ब्लेंडर फिरवते ना. कण राहतोय कुठे?"

"तरीपण."

"अगं, मीठच असतं ते. इतक्या दिवसांत एकदा तरी वाटी तापली का?"

नव्हती तापली. म्हणजे फार दिवसांत नव्हती. तेवढ्यात रंगारी काहीतरी मागायचा, आई वळायची, आणि ते बोलणं तिथेच राहायचं. खरं सांगायचं तर माझ्याशिवायही वड्या चांगल्या होत होत्या. मी धूळ खात लटकले होते आणि मला कोणी विचारत नव्हतं.

मग ते दमट दिवस आले. कपडे वाळत नव्हते, मिठाच्या बरणीला पाणी सुटलं होतं. कॉस्टिकच्या डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. कॉस्टिक हवेतलं पाणी शोषून घेतं, त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या. लेकीने त्या चमच्याने फोडल्या आणि मिठाच्या पाण्यात टाकल्या. पाणी पांढरं झालं. ती ढवळत होती, तोच बाहेरून आईची हाक आली, "अगं ये, ये, लवकर ये! बघ, हे बघ!"

रंगारी काठी न धरता उभा होता. पलंगापासून एक हात लांब, एकटा, डोळे विस्फारून.

लेक ढवळणं सोडून धावली. कोण नाही धावणार? तिघंही हसत होते, रडत होते. रंगाऱ्याने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. व्यायामाच्या बाई म्हणाल्या होत्या, असा उभा राहिला की पट्ट्यांचा बूट आणायचा आणि जिना करून बघायचा. लेक ओट्याशी परत आली ती डोळे पुसत. तोवर पांढरा गाळ तळाशी बसला होता. तिने तो तसाच तेलात ओतला, ब्लेंडर वरवर फिरवला आणि साचा भरला.

मी खिळ्यावरून बघत होते, मित्रांनो. मिठाचा कण कोरडा दिसतो, त्याला कोपरे असतात. हे गोळे गुळगुळीत होते, ओलसर होते, त्यांना चकाकी होती. तेलाने त्यांना वरून लपेटून घेतलं, आता ते विरघळणारही नव्हते. माझ्या एवढ्या जवळून ते गेले. मला ओरडता आलं असतं तर मी बिल्डिंग डोक्यावर घेतली असती.

वड्या कापल्यावर त्यांत पांढरे ठिपके दिसले. लेक खूश झाली. "आई, मिठाची फुलं उमललीत बघ!" तिने त्या वड्या मुरायला फळीवर उभ्या केल्या. साबण मुरायला आठवडे जावे लागतात, तोवर तो वापरायचा नसतो, हे त्या घरात पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी बूट आला. घोट्याला धरून ठेवणारा, पट्ट्यांचा. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी जिना." घरात लगीनघाई उडाली. सकाळी आईने घमेल्यात कोमट पाणी घेतलं, रंगाऱ्याचा डावा पाय त्यात ठेवला आणि साबण मागितला. साबणदाणीत नुसती पातळ कपची उरली होती, सगळ्या जुन्या वड्या विकल्या गेल्या होत्या. लेकीने फळीवरची नवी वडी दिली.

"झालीये का ही?" आईने विचारलं.

"दगड झालीये, आई. नख लागत नाही."

आईला माहीत होतं, की मिठाचा साबण एका दिवसात दगड होतो आणि तरी कच्चाच असतो. तिनेच ते लेकीला शिकवलं होतं. पण त्या सकाळी तिच्या डोक्यात फक्त जिना होता. खालून न्हावी हाका मारत होता. तिने वडी घेतली आणि टाच घासायला लागली, तळवा घासला, बोटांच्या मधे घासलं.

"घास, घास," रंगारी म्हणाला. "जुनी भिंत आहे, चांगली खरवड."

"गप्प बसा. माझेच हात झोंबतायत. भेगा पडल्यात ना."

तिचे हात झोंबत होते आणि तिला वाटलं भेगांमुळे. त्याचा पाय जळत होता आणि त्याला काही वाटत नव्हतं. वडीतला एक खडा सुटून करंगळीच्या खालच्या घडीत जाऊन बसला. आईने पाय पंच्याने पुसला. रोज बोटांच्या मधे बघणारी आई, त्या दिवशी घाईत बघायची राहिली. ओलसर पायावर मोजा चढला, त्यावर बूट चढला आणि पट्ट्या करकचून बांधल्या गेल्या.

आणि रंगारी जिना उतरला! मी पाहिलं नाही, मला फक्त आवाज आला. काठीची टकटक, मग बुटाचा धप्प, मग बाईंचा आवाज, "सावकाश, घाई नाही." मधे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही आणि माझा जीव टांगणीला लागला. मग खाली एकदम गलका झाला. न्हाव्याने कात्री वाजवून आरोळी ठोकली. लेक धावत वर आली, कशासाठी ते तिलाच माहीत नव्हतं. ओट्यापाशी उभी राहून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली आणि पुन्हा खाली पळाली.

न्हाव्याने त्याची दाढी केली, केस कापले, मालिश केली. दुपार झाली तरी रंगारी वर यायला तयार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बूट दाखवत होता. खालून त्याचं हसू ऐकू येत होतं. एवढं मोठ्याने तो आजारपणानंतर कधी हसला नव्हता. उन्हं कलल्यावर तो वर आला, पायरीपायरीवर थांबत, दमून. आई बूट काढायला लागली तर म्हणाला, "राहू दे गं थोडा वेळ. जरा मिजास करू दे."

संध्याकाळी तिने बूट काढला. मोजा तपकिरी झाला होता, ओला. आधी तिला वाटलं, नव्या बुटाचा रंग गेला. तिने मोजा ओढला आणि मोज्याबरोबर कातडी आली.

आई ओरडली नाही. मोजा हातात तसाच धरून तिने दिवा मागितला. लेक दिवा घेऊन वाकली आणि तशीच राहिली. रंगारी उशीला टेकून बसला होता, दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता.

"काय झालं?" तो म्हणाला. "अगं, एवढं काय बघताय?"

त्याच रात्री त्याला इस्पितळात नेलं, तिथे डॉक्टरांनी विचारलं, पायाला काय लावलं होतं? आई म्हणाली, साबण. इस्पितळातून घरी आल्यावर तिने ती वडी घेतली, सुरीने फोडली आणि तिचा एका भांड्यात बारीक चुरा केला. मग खिळ्यावरून मला काढलं. किती दिवसांनी! माझ्यातून तिने तो चुरा चाळला. साबणाची पूड खाली गेली आणि माझ्यात पांढरे खडे उरले. तिने ते वाटीत, गार पाण्यात बुडवले. हलवले. वाटीला बाहेरून हात लावला आणि झटकन मागे घेतला. लेक चौकटीत उभी होती. तिने आईचा हात मागे आलेला पाहिला. आईने फळीवरच्या सगळ्या वड्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावली. त्या घाण्यातली एकही वडी बाहेर गेली नव्हती, एवढंच नशीब.

जखम भरली नाही. साखर भरू देत नव्हती. आधी करंगळी काळी पडली, मग तिच्या शेजारची बोटं. डॉक्टरांनी वाट पाहिली तेवढी पाहिली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय कापला. बूट कोणी परत नेला, की टाकून दिला, मला माहीत नाही. पुन्हा जिना उतरायची गोष्ट त्या घरात कोणी काढली नाही. न्हावी आता दुकान उघडताना ओरडत नाही. दुपारी गुपचूप वर येतो, दाढी करून देतो आणि जातो.

साबण बंद झाला. गिऱ्हाईक दारात आलं की आई म्हणायची, "आता नाही करत आम्ही." लेक पुन्हा चपलांच्या दुकानात उभी राहू लागली. आईने तिला कधी एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. शिव्या घालून, रडून मोकळ्या तरी झाल्या असत्या. लेक घरातली सगळी कामं करायची, पण बापाच्या अंगाला हात लावायची नाही. औषध आणून पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवायची. अंघोळीचं पाणी आणून चौकटीत ठेवायची आणि मागे फिरायची. तो झोपला की लांब उभी राहून बघायची, आणि त्याची पापणी हलली की निघून जायची. त्याला ते सगळं कळत होतं.

एका सुट्टीच्या दिवशी त्याने आईला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं. लेकीने नेहमीसारखं कोमट पाण्याचं घमेलं चौकटीत ठेवलं.

"इकडे आण ते," तो म्हणाला.

"आई येईलच एवढ्यात. ती धुवेल."

"आईला मीच पाठवलंय. आज तू धू."

"बाबा, नको. मला नाही जमणार."

"का नाही जमणार?"

ती नुसती मान हलवत राहिली. रंगाऱ्याने चादर बाजूला सारली. गुडघ्याखाली रिकामी असलेली डावी बाजू त्याने तशीच राहू दिली आणि उजवा पाय पलंगाखाली सोडला.

"अगं, एकच राहिलाय," तो म्हणाला. "तो तरी धू."

मित्रांनो, माझ्या जाळीतून आजवर काय काय गेलं, पण ते वाक्य अजून अडकून आहे. लेक मटकन खाली बसली. ओरडून रडली, इतक्या दिवसांचं. तो तिच्या डोक्यावर उजवा हात ठेवून थांबला. मग म्हणाला, "हे बघ, हा उजवा आहे. याला सगळं कळतं. दुखलं तर मी सांगीन. तू नको घाबरू."

तिने पाय घमेल्यात घेतला. साबण नव्हता, साधं पाणी. टाचेवरून बोटं फिरवली, थांबली आणि विचारलं, "दुखतंय?" तो म्हणाला, "नाही." तिने तळवा धुतला आणि पुन्हा विचारलं. बोटांच्या मधे धुतलं आणि प्रत्येक बोटाला विचारलं, दुखतंय? दुखतंय का? तो दरवेळी नाही म्हणत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. आई परत आली, तिने चौकटीतून ते पाहिलं आणि पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिली.

माझं आता काय? मला कोणी काढेल, वापरेल, असं वाटत नाही. भंगारवाल्याकडे गेले तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात बाळ असेल, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, मुकं जनावर असेल, तर माझं एवढं ऐका. त्याला दुखलं तर तो सांगणार नाहीये. त्याच्या अंगाला काहीही लावण्याआधी ते आधी स्वतःच्या हाताला लावा, आणि हात झोंबला तर भेगांवर ढकलू नका. पांढरं दिसलं म्हणून मीठ समजू नका. गाळून घ्या, वाटीला हात लावून बघा. वेळ लागेल, खाली कोणी हाका मारत असेल. त्याला सांगा, थांब जरा, येतोय.